चुकलेल्या पाळ्या : शून्य

“सर्दी-खोकला?”

“नाही.”

“दात दुखतोय? हिरडी सुजलीय? कुठे गळू, जखम, काही चिघळलेलं?”

“काही नाही हो. ठणठणीत आहे मी.”

छोट्या डॉक्टरबाईंनी घडीताईच्या दंडाला रबरी पट्टा आवळला आणि कोपराच्या खळगीत बोटाने शीर चाचपली. दीड महिन्यात हे तिसऱ्यांदा चाललं होतं. रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावरची ही खोली पूर्वी चादरींचं कोठार होती. ज्या फळ्यांवर घडीताईने वर्षानुवर्षं अभ्रे रचले, त्यांच्यावर आता डॉक्टरबाईंच्या फायली उभ्या होत्या, त्याही वेड्यावाकड्या. त्या सरळ करायला तिचे हात शिवशिवत होते, पण एक हात सुईखाली अडकला होता.

“मग हा आकडा खाली का येत नाही?” डॉक्टरबाई अर्धवट स्वतःशीच म्हणाल्या. “अंगात कुठेतरी दाह चाललाय असं रक्त सांगतंय. पांढऱ्या पेशीही जास्तच. आजारी बायकांच्या गटात असा आकडा आला असता तर मला काही वाटलं नसतं. पण तुम्ही निरोगी गटातल्या.”

“क्रमांक नऊ,” घडीताई म्हणाली. विचारलं नसतानाही म्हणाली.

धुलाई विभागात तिला सोळा वर्षं झाली होती. चादरी, अभ्रे, शस्त्रक्रियेचे हिरवे झगे, सगळं धुऊन आणि इस्त्रीच्या तापल्या रुळांतून निघून तिच्यापुढे येई आणि ती घड्या घाली. कोपऱ्याला कोपरा, वर एक हलकी थाप, की पुढची. शिवाय ठरल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी हजर, ऊन असो वा पाऊस. म्हणून ती घडीताई. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, पण तिथेही ते वाचायची कुणाला गरज पडत नसे. तिची ओळ वहीत लांबूनच ओळखू यायची. सगळ्यांच्या ओळींत मधूनमधून लाल फुल्या, हिची कोरी करकरीत.

डॉक्टरबाईंचा अभ्यास बायकांच्या एका दुखण्यावर होता. त्यात अंडाशयांवर बारीक पाणीदार फुगे दिसतात, पाळी महिनोन्‌महिने येत नाही, हनुवटीवर राठ केस उगवतात आणि वजन काही केल्या हलत नाही. या सगळ्यात शरीराच्या प्रतिकारशक्तीचा हात किती, हे त्यांना बघायचं होतं. त्यासाठी दुखणं असलेल्या तीस बायका हव्या होत्या आणि नसलेल्या तीस. असलेल्या बाह्यरुग्ण विभागाच्या बाकांवर भरपूर होत्या. नसलेल्या शोधायला डॉक्टरबाई तळघरात धुलाई विभागात उतरल्या आणि, घाईत असल्यामुळे, बारा कोरे अर्ज मुकादमांच्या हाती देऊन गेल्या. “ज्याचा त्याने भरायचा,” असं जिन्यावरून ओरडल्या म्हणे. पण खाली यंत्रं चालू असली की शेजारच्याचंही ऐकू येत नाही.

मुकादम म्हणजे देवमाणूस. फक्त बायकांच्या बाबतीत भलते लाजाळू. धुवायला आलेल्या कपड्यांच्या यादीत बायकांचे आतले कपडे ते ‘इतर’ म्हणून लिहायचे. त्यांनी अर्ज भरायचं काम आपल्याकडेच घेतलं. वय विचारलं, उंची विचारली, वजन विचारताना दुसरीकडे बघितलं. पुढे छापलं होतं, ‘पाळी : नियमित / अनियमित. गेल्या बारा महिन्यांत चुकलेल्या पाळ्या किती?’ हे विचारायची त्यांना गरजच वाटली नाही. मुकादमांच्या जगात पाळ्या तीन, पहिली, दुसरी आणि रात्रीची, आणि कुणाची कधी चुकली हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? त्यांनी हजेरीची वही काढली आणि बाराही अर्ज चोख भरून टाकले.

कपड्यांची गाडी ढकलणाऱ्या ढकलगाडीवालीची बहीण वर्षभर आजारी, तिच्यापायी हिच्या पाळ्या बुडालेल्या, म्हणून हिच्यापुढे लिहिलं, ‘अनियमित. अकरा चुकल्या.’ फाटक्या चादरी शिवणारी सुईवाली अठ्ठावन्न वर्षांची. तिच्यापुढे लिहिलं, ‘नियमित. एक चुकली.’ घडीताईपुढे अर्थातच शून्य. शून्य लिहिताना मुकादमांनी ते जरा मोठं आणि गोल काढलं.

सह्या करायला अर्ज फिरले तेव्हा बाकीच्यांनी बोट दाखवलं तिथे सही ठोकली. घडीताईने वाचलं. तिला वाचायची सवय होती. कपड्यांवरच्या चिठ्ठ्यासुद्धा ती दोन्ही बाजूंनी वाचायची. त्या ओळीवर तिचं पेन थांबलं. मुकादम काय समजलेत आणि कागद काय विचारतोय, दोन्ही तिला एकाच क्षणी कळलं. तिची पाळी वर्षातून तीनदा, फार तर चारदा यायची, दूरच्या नातेवाइकासारखी, न कळवता. पहिल्या पाळीला निघण्यापूर्वी ती रोज आरशासमोर चिमटा घेऊन हनुवटी साफ करायची, आणि हे नवऱ्यालाही माहीत नसल्याचं दोघंही दाखवत आले होते. हे सगळं त्या गोल शून्याच्या विरुद्ध होतं. तिने ‘नियमित’ हा शब्द पुन्हा एकदा वाचला आणि खाली सही केली.

आठ दिवसांनी कार्ड आलं. निळं, जाड, वर छापलेलं : ‘निरोगी गट, क्रमांक ९.’

हसू येईल, पण तिला त्या कार्डाचा फार आनंद झाला. लग्नाला सतरा वर्षं झाली होती. सुरुवातीला एका दवाखान्यात सासू घेऊन गेली होती, तिथल्या डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं, वजन कमी करा. सासूने घरी येऊन ते सगळ्यांना सांगितलं, आणि ‘खाऊन खाऊन सुटलीय, मूल कुठून व्हायचं’ हे त्या दिवसापासून घरातलं ठरलेलं वाक्य झालं. सासू गेली, पण वाक्य थोरल्या जावेकडे राहिलं. घडीताई दोन घास कमी खायची, जिने चढून यायची, दिवसभर उभी राहायची, आणि वजन जिथल्या तिथे. शेवटी तिलाही वाटायला लागलं की आपलंच काहीतरी चुकतंय, आपणच कुठेतरी चोरून खातोय, फक्त आपल्याला आठवत नाही.

तिने कार्ड कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. जावेने एकदा टॉवेल काढताना ते पाहिलं. “निरोगी? कुठे मिळतात गं असली कार्डं? मलाही आण एखादं.”

“रक्त बघून देतात, जाऊबाई. मागून मिळत नाही,” घडीताई म्हणाली. सतरा वर्षांत जावेला तिने दिलेलं हे पहिलं उत्तर असावं. नवरा कुलपं दुरुस्त करायचा, बोलायचा कमी. तो दारात उभा राहून हसला आणि म्हणाला, “नीट चिकटवलंयस ना? पडायचं नाही तर.”

तर असं ते कार्ड होतं, आणि डॉक्टरबाईंचा आकडा त्याच्या मुळावर आला होता. तिसऱ्यांदा रक्त देऊन घडीताई तळघरात परतली, तेव्हा तिला ठाऊक होतं की आता हे फार दिवस चालणार नाही.

ते दुसऱ्या दिवशीच संपलं. दुपारच्या सुमाराला डॉक्टरबाई अर्जांचा गठ्ठा घेऊन खाली आल्या. यंत्रं नेमकी पाणी बदलायला थांबली होती, त्यामुळे सगळ्यांना सगळं ऐकू आलं.

“मुकादम, हे अर्ज कुणी भरले?”

“मी,” मुकादम अभिमानाने म्हणाले. “एकाही रकान्यात खाडाखोड नाही.”

“अठ्ठावन्न वर्षांच्या बाईंची पाळी नियमित?”

“एकदम. एकच चुकली बघा वर्षात. तीही पाय मुरगळला होता म्हणून.”

भिंतीवरच्या पाळीपत्रकाकडे डॉक्टरबाईंचं लक्ष गेलं. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला. पहिल्यांदा कळलं ढकलगाडीवालीला. ती गाडीवरच बसली आणि पोट धरून हसायला लागली. “अगं बाई! म्हणून मला नाही घेतलं होय! मी म्हटलं, मला काय धाड भरलीय? घड्याळ लावून घ्यावं अशी येते माझी!”

मग सुईवालीला समजावून सांगावं लागलं, आणि समजल्यावर तिने तोंडाला पदर लावला तो काढेना. सगळं तळघर हसत होतं. मुकादमांना शेवटी कळलं. त्यांचे कान पेटले. ते वही छातीशी धरून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

घडीताई हसली नाही. तिच्यापुढे चादर अर्धी दुमडलेली होती, ती तिने पूर्ण दुमडली.

डॉक्टरबाई तिच्यापाशी आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “ताई, पाळी संपल्यावर वर याल?” आणि आपण कोणता शब्द वापरला हे लक्षात येऊन त्यांनी जीभ चावली.

वर जाण्याआधी घडीताईने मुकादमांना गाठलं. ते टेबलाशी कोऱ्या कागदापुढे बसले होते. डॉक्टरबाईंच्या वरच्या मोठ्या डॉक्टरांनी लेखी खुलासा मागितला होता. त्यांच्या निवृत्तीला सात महिने राहिले होते.

“काय लिहू हो, घडीताई?” ते कागदाकडे बघतच म्हणाले. “तीस वर्षांत एक कागद चुकला नाही माझा. आता लोक हेच लक्षात ठेवणार.”

ती घरी गेली नाही. जिना चढून, नेहमीसारखी न थांबता, तिसऱ्या मजल्यावर गेली. कार्ड तिच्या झग्याच्या खिशात होतं. सकाळीच तिने ते कपाटाच्या दारावरून नखाने हळूच सोडवून आणलं होतं. का आणलं हे विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

डॉक्टरबाईंनी स्वतः उठून खुर्ची दिली. “आधी माफी मागते,” त्या म्हणाल्या. “मी एकेकीला समोर बसवून विचारायला हवं होतं. आता खरं सांगा, पाळी कशी आहे तुमची? कामाची नव्हे, म्हणजे... तुमची.”

घडीताईने सांगितलं. वर्षातून तीनदा, चारदा. लग्नाआधीपासून. केसांचं सांगितलं. मुलाचं सांगितलं. डॉक्टरबाई लिहून घेत होत्या आणि एकदाही ‘वजन’ म्हणाल्या नाहीत. तेच घडीताईच्या जास्त लक्षात आलं.

“म्हणजे तुम्ही त्या दुसऱ्या गटातल्या,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तपासण्या करून नक्की करू, पण रक्त तरी तेच म्हणतंय. आपल्या पांढऱ्या पेशी म्हणजे पहारेकरी. बाहेरून कुणी शिरलं की धावतात, निस्तरलं की शांत होतात. तुमच्यात कुणी शिरलेलं नाही, तरी ते जागेच. मोठी मारामारी नाही, ताप नाही, सूज दिसत नाही. नुसती आतल्या आत बारीक धुसफुस. वर्षानुवर्षं.”

“म्हणजे एकही पाळी चुकवत नाहीत,” घडीताई म्हणाली.

डॉक्टरबाईंना हसू आवरेना. मग त्या गंभीर झाल्या. “पण त्या धुसफुशीने शरीर इन्सुलिनचं ऐकेनासं होतं. मग ते जास्त तयार होतं, त्याने अंडाशयं पुरुषी संप्रेरकं जास्त करतात, बीज पिकत नाही, पाळी लांबते, केस येतात. पोटाभोवती चरबी साठते, आणि ती चरबी पुन्हा पहारेकऱ्यांना चिथावते. एकात एक अडकलेलं आहे सगळं.”

“आधी काय? चरबी की पहारेकरी?”

“तेच तर शोधतोय. अजून कुणाला पक्कं माहीत नाही.”

घडीताई थोडा वेळ फळ्यांवरच्या फायलींकडे बघत राहिली. “म्हणजे मी खाऊन खाऊन...”

“नाही. हातभार लागतो, पण नुसत्या खाण्याने होत नाही हे. तुमचा गुन्हा नाही, ताई.”

यावर रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही. सासू गेली होती, आता हे कुणाला ऐकवायचं?

“औषध?”

“आहे. मधुमेहाची एक गोळी याला देतात, तिने इन्सुलिनचं काम सुधारतं, धुसफुसही थोडी कमी होते असं दिसतं. संप्रेरकांच्या गोळ्या आहेत. चालणं, झोप, वेळच्या वेळी तपासणी. नुसत्या पहारेकऱ्यांना झोपवणारं औषध मात्र अजून नाही. माझ्यासारखे त्याच्याच मागे आहेत.”

“आणि मूल?” तिने विचारलं आणि लगेच पुढे म्हणाली, “आता नाही हो. तेव्हा. तेविसाव्या वर्षी कळलं असतं तर?”

डॉक्टरबाई वयाने लहान होत्या. खोटं बोलायचं की नाही याचा त्यांनी विचार केलेला दिसला. “तेव्हाही उपचार होते,” त्या म्हणाल्या. “खूप जणींना होतात मुलं. तुम्हाला झालंच असतं असं नाही सांगता येणार. पण शक्यता चांगली होती.”

“बरं,” घडीताई म्हणाली. “विचारलं आपलं.”

डॉक्टरबाईंनी टेबलावरचा अर्ज पुढे ओढला. “आता हा निरोगी गटातून काढावा लागेल. तुम्ही काळजी करू नका, तुमचा यात काही दोष नाही. मुकादमांनी शब्द चुकीचा घेतला, तुम्ही भरवशाने सही केलीत. मोठ्या डॉक्टरांना मी तसंच सांगणार आहे. मुकादमांचा खुलासा आला की संपलं.”

वाट सरळ होती. हो म्हणायचं आणि उठायचं. कुणाला काही कळलं नसतं, आणि ती फसवली गेलेली साधी बाई म्हणून जिना उतरली असती. घडीताईने खिशातून कार्ड काढलं आणि अर्जावर ठेवलं. कार्ड कागदाच्या कडेला तिरपं पडलं होतं, ते तिने बोटाने सरळ केलं.

“मी वाचलं होतं,” ती म्हणाली.

“काय?”

“अर्ज. सही करायच्या आधी. काय विचारलंय ते मला कळलं होतं. मुकादमांना नव्हतं कळलं, मला कळलं होतं. त्यांच्या कागदात चूक आहे हे बघूनही मी सही केली. बाकी अकरा अर्ज त्यांचे असतील. हा माझा आहे.”

खाली यंत्र सुरू झाल्याची घरघर जमिनीतून पायांना जाणवत होती. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

“पण का, ताई?”

“‘नियमित’ असं लिहिलं होतं,” घडीताई म्हणाली. “माझ्याबद्दल.”

डॉक्टरबाईंनी थोड्या वेळाने कार्ड उचललं, उलटसुलट केलं आणि तिच्यापुढे धरलं. “हे ठेवलंत तरी चालेल. यादीतून नाव काढते मी, कार्डाचं कुणी विचारणार नाही.”

“नको. माझं नाही ते.”

मग तिने अर्जाच्या खाली, डॉक्टरबाईंनी सांगितलं तसं, दोन ओळी लिहून दिल्या आणि सही केली. ‘नऊ क्रमांकाच्या अर्जातील चूक मला माहीत होती.’ डॉक्टरबाईंनी गुरुवारची वेळ दिली. बाह्यरुग्ण विभागात, सकाळी नऊ वाजता, उपाशीपोटी.

ती खाली आली तेव्हा दुसऱ्या पाळीच्या बायका कामाला लागल्या होत्या. मुकादम खुलाशाचा कागद बाजूला सारून पुढच्या आठवड्याचं पाळीपत्रक वहीत उतरवत होते. काम हातात असलं की त्यांना जरा बरं वाटायचं. तिने त्यांना वर काय झालं ते थोडक्यात सांगितलं. मुकादमांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“कशाला सांगितलंत?” ते म्हणाले. “माझे सातच महिने राहिलेत. तुम्हाला अजून किती वर्षं इथे काढायचीत.”

“गुरुवारी सकाळी मला यायला जमणार नाही,” घडीताई म्हणाली. “दाखवायला जायचंय.”

“गुरुवारी तुमची पहिली पाळी.”

“हो.”

मुकादमांनी वहीवर बोट फिरवलं. तिच्या ओळीवर ते आलं आणि तिथे थांबलं. सोळा वर्षांची पानं त्यांनीच भरली होती. मग त्यांचा चेहरा उजळला. “असं करू. सुईवालीशी अदलाबदल करून देतो. ती सकाळी, तुम्ही दुपारी. वहीत काही दिसणार नाही. ओळ राहील तशीच.”

“नको, मुकादम. चुकली असं लिहा.”

“अहो, पण सोळा वर्षं...”

“चुकलीय ना? मग चुकली लिहा.”

त्यांनी लाल पेन उचललं, टोपण काढलं, आणि हात काही खाली येईना. घडीताईने थोडा वेळ वाट पाहिली. मग तिने त्यांच्या हातातून पेन घेतलं, वही आपल्याकडे फिरवली आणि गुरुवारच्या चौकोनात, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, एक फुली मारली. चौकोनाच्या बाहेर एक रेघ गेली नाही.

पेनाला टोपण लावून तिने ते वहीत ठेवलं. दाराकडे जाता जाता रुळाखालून आलेली एक चादर तशीच पडलेली तिला दिसली. तिची वेळ संपली होती, तरी ती थांबली आणि घडी घालून गेली.